भेग आढळली नाही

पंखाच्या मुळाशी एक अशी जागा असते की तिथे डोकं जातं, टॉर्च धरलेला एक हात जातो, आणि दुसरा हात आत न्यायचा तर पहिला बाहेर काढावा लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका आठवड्यात मी या जागेत दहा वेळा शिरायचं ठरलं होतं. पाच विमानं, प्रत्येकाच्या दोन बाजू. प्रत्यक्षात बारा वेळा शिरले. ती वरची दोन कशी आली ते सांगायचंय.

मी विमान देखभाल अभियंता आहे. बोईंग ७३७ च्या ज्या पिढीला ‘नेक्स्ट जनरेशन’ म्हणतात, आम्ही नुसतं ‘एनजी’ म्हणतो, तिचा परवाना हातात येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. परवाना म्हणजे काम झाल्यावर लॉगबुकात ‘हे विमान उडायला योग्य आहे’ असं लिहून खाली सही करायचा अधिकार. तो मिळेपर्यंत कधी मिळतो असं होतं. मिळाल्यानंतर पहिले काही महिने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, आपण आज कुठे कुठे सही केली, याची उजळणी चालते. माझी तरी चालायची.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष एनजीच्या धाकट्या भावाकडे होतं. मॅक्स या नव्या पिढीची दोन विमानं पाच महिन्यांच्या आत कोसळली, पहिलं ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात, दुसरं मार्च २०१९ मध्ये इथिओपियात. ३४६ माणसं गेली आणि जगभरची मॅक्स विमानं जमिनीवर बसली. घरातल्या धाकट्याने असं काही करून ठेवलं की थोरल्याकडे कुणी बघत नाही. एनजी हा थोरला. १९९८ च्या सुमारास सेवेत आलेला, हजारोंनी उडणारा, आम्हाला पाठ असलेला. सप्टेंबरच्या अखेरीस बातमी आली ती या थोरल्याची.

एका जुन्या एनजीचं प्रवासी विमानातून मालवाहू विमानात रूपांतर चाललं होतं. त्यासाठी सांगाडा उघडला तेव्हा पंख जिथे धडाला जोडला जातो तिथल्या एका भागात भेगा दिसल्या. या भागाचा आकार दोन दात्यांच्या काट्यासारखा, म्हणून त्याला पिकल फोर्क म्हणतात. पंखाचा सगळा भार, सगळं वाकणं आणि पिळवटणं धडात उतरवायला मदत करणारा हा भाग. सुमारे ९०,००० उड्डाणं तो निमूट काम करील अशा हिशोबाने बनवलेला. भेगा दिसल्या त्या याच्या निम्म्याहून कमी उड्डाणं झालेल्या विमानांत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचा, आदेश निघाला. विमान ज्या देशात बनतं त्या देशाच्या नियामकाचा आदेश बाकीचे नियामक सहसा जसाच्या तसा लागू करतात, त्यामुळे तो आमच्या टेबलावर यायला वेळ लागला नाही. ३०,००० सायकलींच्या वर गेलेली विमानं सात दिवसांत तपासा. २२,६०० ते ३०,००० मधली पुढच्या १,००० सायकलींच्या आत तपासा. भेग सापडली तर दुरुस्त केल्याशिवाय उडवायचं नाही. नाही सापडली तरी दर ३,५०० सायकलींनी पुन्हा बघायचं. आणि जे दिसेल ते कळवायचं.

सायकल म्हणजे आमच्या धंद्यात एक चढणं आणि एक उतरणं. नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी हा शब्द ऐकून हसू येतं, आठवड्याभरात ती स्वतःच ‘या विमानाच्या किती सायकली झाल्या’ असं गंभीर चेहऱ्याने विचारू लागतात. विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही, तासांतही पुरतं कळत नाही. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, धड किंचित फुगतं, उतरताना पुन्हा बसतं. पंख वर वाकतात, चाकं जमिनीला लागली की खाली येतात. तार वाकवून वाकवून तोडतो तसंच हे, फक्त फार हळू. दिवसाला सहा छोटी उड्डाणं करणारं विमान चौदाएक वर्षांत ३०,००० ला पोचतं. तेवढ्याच वयाचं लांब पल्ल्याचं विमान सायकलींच्या हिशोबाने अजून तरुण असतं.

हे शिकवताना सगळीकडे एकच उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवं. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या एका ७३७ चं पुढचं छत हवेत असताना उडून गेलं. विमान १९ वर्षांचं, उड्डाणाचे तास ३५,४९६ आणि सायकली ८९,६८०. भागाकार केला तर एक उड्डाण सरासरी २४ मिनिटांचं. वैमानिकांनी तसंच उघडं विमान उतरवलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली ती सापडलीच नाही, बाकीचे वाचले. या कहाणीतला एक बारीक तपशील मात्र मला छतापेक्षा जास्त बोचतो. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना धडावर भेग दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आपण काय त्यातल्या जाणकार, आणि ज्यांचं काम आहे त्यांनी पाहिलंच असेल, असं वाटलं असणार. मला हे पूर्ण समजतं. कारण जाणकार असूनही माझं पुढे साधारण तेच झालं.

आमच्याकडे ३०,००० च्या वरची पाच विमानं निघाली. नियोजनवाल्यांनी पाच रात्रींचं वेळापत्रक आखलं. मी अंगाने बारीक, त्यामुळे अरुंद जागांची कामं आपोआप माझ्याकडे येतात. इंधनाच्या टाकीत शिरायचं असो की मालकप्प्यामागच्या सापटीत, ‘तिला बोलवा.’ या वेळीही तसंच झालं. सही करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं.

पहिलं विमान दिवसाचं शेवटचं उड्डाण आटोपून रात्री साडेअकराला हँगरमध्ये आलं. सकाळी सहाला त्याला पुन्हा निघायचं होतं. बाहेरून बघणाऱ्याला तपासणी म्हणजे बघणं वाटतं. त्या रात्रीचा बराचसा वेळ बघण्याआधीच्या कामात गेला. धड आणि पंखाच्या सांध्यावरची झाकणं काढायची, त्यांचे स्क्रू कुठले कुठे जातात याची चिठ्ठी लावून पिशव्यांत भरायचे, आतला चिकट काळा थर पुसायचा, दिवे लावायचे. आत नेलेलं प्रत्येक हत्यार मोजून न्यायचं आणि मोजून बाहेर आणायचं, कारण विसरलेला एक पाना पुढे कुठल्या तारेत अडकेल सांगता येत नाही. हे सगळं होऊन मी आत डोकं घातलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

बघायचं होतं आठ फास्टनरांच्या, म्हणजे भाग जोडून धरणाऱ्या बोल्टसारख्या खिळ्यांच्या, आजूबाजूला. आदेशात त्याला ‘सविस्तर दृश्य तपासणी’ म्हणतात. म्हणजे नजर टाकणं नव्हे. भरपूर उजेड, आरसा, लागलं तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पृष्ठभाग स्वच्छ, आणि एका वेळी एकच जागा. उजेडही सरळ मारायचा नाही, तिरका मारायचा; भेगेची कड असेल तर तिची सावली पडते. हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

डावी बाजू, उजवी बाजू, मिळून पंचवीस मिनिटं. हिरवट प्राइमर, फास्टनरांची डोकी, एके ठिकाणी सीलंटचा ओघळ. बाहेर आले, कामाच्या कार्डावर लिहिलं ‘भेग आढळली नाही’, आणि सही केली. झाकणं लागली. सहाला विमान गेलं.

पहाटे तीन ते पाच ही आमच्या धंद्यातली बदनाम वेळ आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच १७,००० फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं, आणि कॅप्टन चक्क वाचले. ती काच आदल्याच्या आदल्या रात्री, याच पहाटेच्या वेळात बसवली होती. ९० पैकी ८४ बोल्ट हव्या त्याहून बारीक होते, फरक इंचाच्या हजार भागांपैकी सव्वीस भागांइतका. बसवणारा माणूस अनुभवी, शिफ्टचा प्रमुख. जुना बोल्ट हातात धरून, त्याच्यासारखा दिसतो म्हणून दुसरा उचलला. आणि जुना मुळातच चुकीचा होता. हा अहवाल मी शिकत असताना वाचला तेव्हा वाटलं होतं, असं कसं करतं कुणी? आता वाटत नाही.

दुसरं विमान दुसऱ्या रात्री. पुन्हा तेच, पुन्हा काही नाही. तोवर बातम्या येऊ लागल्या होत्या. जगभरातल्या पहिल्या ८१० विमानांपैकी ३८ मध्ये भेगा मिळाल्याचं बोईंगने सांगितलं. आकडा ऐकून हँगरमध्ये दोन तट पडले. एकाचं म्हणणं, अबब, शंभरात जवळपास पाच. दुसऱ्याचं म्हणणं, म्हणजे पंच्याण्णव ठीकच आहेत. मी कुठल्या तटात होते हे त्या वेळी कुणी विचारलं असतं तर पहिल्यात असं सांगितलं असतं. माझी मान मात्र आत जाताना दुसऱ्या तटात असायची.

तिसरं विमान काही कारणाने दिवसा मिळालं. दुसऱ्याच एका बिघाडासाठी ते उभं होतं, म्हणून घाई नव्हती. झोप झालेली होती. डाव्या बाजूने आत शिरले, आणि केवळ वेळ आहे म्हणून एक गोष्ट केली जी आधीच्या दोन्ही रात्री केली नव्हती: वरच्या कोपऱ्यातल्या फास्टनरपासून सुरुवात करून क्रमाने खाली आले, आणि प्रत्येकाला मोठ्याने आकडा म्हटला. एक. दोन. तीन. पाचव्यापाशी टॉर्च तिरका केल्यावर एक रेघ दिसली. केसासारखी. फास्टनरच्या कडेपासून निघून बाहेर जाणारी, नखाएवढीही लांब नाही.

पहिला विचार ‘भेग’ असा आला नाही. पहिला विचार आला ‘ओरखडा असेल’. दुसरा, ‘रंगाची घडी असेल’. तिसरा, ‘माझाच केस असेल’. तो विचार येईपर्यंत मी केस डोक्यावरच्या जाळीत नीट आहेत का हे चाचपलंसुद्धा. मन किती वकिली करतं याची मला खरोखर मौज वाटली, पण नंतर. त्या क्षणी फक्त घसा कोरडा पडला होता.

आमचे मुख्य निरीक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो, खाली उभे होते. मी सांगितलं. ते म्हणाले, “पुसून बघा.” पुसलं. रेघ तिथेच. “आता टॉर्च दुसऱ्या बाजूने धरा.” धरला. रेघेची सावली बाजू बदलून पडली. म्हणजे ती नुसती खूण नव्हती, तिला कड होती. सर काही बोलले नाहीत. त्यांनी एनडीटीवाल्यांना बोलावलं.

एनडीटी म्हणजे वस्तू न मोडता तिच्या पोटातलं ओळखण्याची विद्या. आमच्याकडे आले ते एडी करंटचं यंत्र घेऊन. पेन्सिलीएवढ्या प्रोबमध्ये बारीक वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की खालच्या धातूत छोटे भोवरे तयार होतात. धातू अखंड असेल तर भोवरे सुखाने फिरतात. मध्ये भेग आली की त्यांना वळसा घालावा लागतो, आणि पडद्यावरचा ठिपका उडी मारतो. त्यांनी आधी मुद्दाम चीर पाडलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर यंत्र जुळवून घेतलं, मग आत गेले. मी पडदा बघत बाहेर उभी होते. चौथ्या फास्टनरपाशी ठिपका गप्प. पाचव्यापाशी त्याने वर उसळी मारली. त्यांनी प्रोब मागे घेऊन पुन्हा तिथून नेला. पुन्हा उसळी.

विमान ग्राउंड झालं. लॉगबुकात एक नोंद, खिडकीतून दिसेल अशी एक लाल पाटी. इतकंच असतं ते दिसायला. त्यामागे जी धावपळ होते ती वेगळ्या खोल्यांत. कुणी निर्मात्याला छायाचित्रं आणि मापं पाठवतं, कुणी नियामकाला कळवतं, कुणी त्या विमानाची पुढच्या चार दिवसांची उड्डाणं दुसऱ्या विमानांत कोंबायला बसतं. उड्डाण रद्द झालं की फलकावर ‘तांत्रिक कारण’ एवढंच दिसतं आणि प्रवासी चिडतात. मी स्वतः प्रवासी असते तेव्हा मीही चिडते. कारण सांगणारा माणूस काउंटरवर असतो, आणि कारण सापडलेला माणूस हँगरमध्ये हात पुसत असतो. दोघांची गाठ कधी पडत नाही.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. कुणीतरी पाठीवर थाप मारली. आणि तेव्हाच पोटात गोळा आला.

मला पहिलं विमान आठवलं. ती पंचवीस मिनिटं आठवून पाहू लागले. हिरवा प्राइमर आठवला, सीलंटचा ओघळ आठवला. पण मी आधी कुठला फास्टनर पाहिला? वरचा की खालचा? आठही पाहिले का? पाहिले असणार. ‘असणार’ हा शब्द मनात आला आणि मी खालीच बसले. दुसऱ्या विमानाबद्दल तसं वाटलं नाही, कारण त्या रात्री दोघं होतो, एक जण कार्डावरची आकृती धरून खुणा करत होता. पहिल्या रात्री मी एकटी आत होते, तीन वाजले होते, आणि भेग सापडेल असं मला मनातून मुळीच वाटत नव्हतं.

यावर अभ्यासही झालेला आहे, पण तो मला तेव्हा ऐकूनच माहीत होता. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांकडून ठिपके सुटतात असं लक्षात आल्यावर नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचे प्रयोग केले. घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा काटा अधूनमधून दुप्पट उडी मारायचा, ती उडी ओळखायची. अर्ध्या तासातच माणसं उड्या सोडू लागायची. डोळे उघडे, नजर तबकडीवर, आणि उडी निसटलेली. क्वचित घडणारी गोष्ट शोधायला बसलेलं मन लवकरच ती नाहीच असं धरून चालतं. माझ्या बाबतीत अर्धा तासही लागला नव्हता. मी ते धरूनच आत शिरले होते.

सरांकडे गेले. म्हटलं, “पहिलं विमान पुन्हा उघडावं लागेल.”

“का? तुम्हीच सही केलीय ना?”

“हो. पण मी आधी कुठला फास्टनर पाहिला ते मला आठवत नाही.”

सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील की मग सही कशी केली. तो प्रश्न रास्तच होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फोन उचलला आणि ते विमान कुठे आहे ते विचारलं. हवेत होतं. चाळीस मिनिटांत उतरणार होतं. ती चाळीस मिनिटं मी हँगरच्या दारात उभी राहून काढली, काही उपयोग नसताना.

नियोजनवाले अर्थातच खवळले. एक विमान आधीच खाली, त्यात तपासून झालेलं दुसरं पुन्हा मागायचं. त्यातले एक जण मला म्हणाले, “अहो, सही झाली की काम झालं. असं प्रत्येकाला वाटायला लागलं तर एकही विमान उडणार नाही.” मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या पडद्यावर ते विमान हिरवं होतं आणि ते मी लाल करत होते, तेही कुठली नवी माहिती हातात नसताना. सरांनी फक्त एवढंच सांगितलं की जी करते तिलाच शंका असेल तर तपासणी झालेली नाही. मग ते विमान आलं.

या वेळी दिवसाउजेडी, मोठ्याने आकडे म्हणत, आकृतीवर खुणा करत. डाव्या बाजूला एकोणीस मिनिटं, उजव्या बाजूला एकवीस. शिवाय दुसऱ्या अभियंत्याने स्वतंत्रपणे पाहिलं. काही नव्हतं. भेग आढळली नाही. तेच तीन शब्द मी कार्डावर पुन्हा लिहिले, आणि पहिल्या कार्डाला जोडून ठेवले. शेजारी शेजारी ठेवलेली ती दोन कार्डं अगदी सारखी दिसतात. तपासणीला आलेल्या कुणालाही त्यातला फरक कळणार नाही. ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

चौथं आणि पाचवं विमान निर्दोष निघालं. सात दिवस संपले. तिसरं मात्र हँगरच्या एका कडेला उभं राहिलं आणि पुढे अनेक आठवडे राहिलं. ऑक्टोबर संपता संपता बोईंगने सांगितलं की तपासलेल्या सुमारे हजार विमानांपैकी पाच टक्क्यांहून कमी विमानांत भेगा आहेत. म्हणजे आमच्यासारखी पन्नासेक विमानं जगभर दुरुस्तीच्या रांगेत होती, आणि ती दुरुस्ती येता-जाता करण्यासारखी नव्हती. विमान टेकूंवर घेऊन त्या सांध्यावरचा भार आधी काढायचा, मग तो काटा बदलायचा. दुरुस्ती चुकली तर काय होतं हे जपानने पाहिलंय. तिथल्या एका ७४७ ची शेपटी १९७८ मध्ये धावपट्टीवर घासली. मागच्या दाबभिंतीची, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब अडवून धरणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती झाली, पण जोडपट्टी सलग न बसवता दोन तुकड्यांत बसवली गेली. जिथे दोन रांगा रिव्हेटांनी भार घ्यायचा तिथे एका रांगेवर आला. सात वर्षं विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली आणि ५२० माणसं गेली. म्हणून लवकर आटपा असं म्हणायला कुणी आमच्याकडे फिरकलं नाही, किंवा फिरकलं असेल तर सरांच्या खोलीच्या पुढे आलं नाही.

उभं विमान सुरक्षित असतं असा बाहेर समज आहे. खरं तर उडणारं विमान सांभाळणं सोपं, उभं जड जातं. चाकं एकाच जागी राहिली तर टायर खालून चपटे होतात, म्हणून ती ठरावीक दिवसांनी फिरवायची. टाक्यांतलं पाणी काढायचं. बॅटऱ्या सोडवायच्या. इंजिनाची तोंडं झाकायची. आणि वेग व उंची सांगणाऱ्या नळ्या आणि भोकं झाकायची, लाल फिती लावून, म्हणजे उडण्याआधी ती झाकणं काढायची राहू नयेत.

या लाल फितींबद्दल मी जरा जास्तच काटेकोर आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातून बर्गनएअरचं एक बोईंग ७५७ निघालं. त्याआधी ते काही आठवडे उभं होतं आणि वेगमापी नळ्यांवर झाकणं नव्हती. एका नळीत कुंभारमाशीने घर केलं असावं असा तपासाचा निष्कर्ष. कॅप्टनला चुकीचा वेग दिसत गेला. १८९ माणसं समुद्रात गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एरोपेरूचं ७५७ लिमाहून निघालं. ते धुताना दाब मोजणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती ती काढायची राहिली. रात्र, खाली समुद्र, उंची कळेना. ७० माणसं. एक माशी आणि एक चिकटपट्टी. आमचं विमान उभं असताना मी दर फेरीत फिती मोजायचे. कुणी हसलं तर हसू द्यायचे.

उभ्या विमानाला आणखी एक रोग होतो, तो म्हणजे शेजारी. दुसऱ्या विमानाला एखादा व्हॉल्व्ह हवा असतो, भांडारात नसतो, आणि इथे एक धडधाकट व्हॉल्व्ह रिकामा बसलेला असतो. ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून नेतात. कागदोपत्री सगळं नीट असतं, चिठ्ठी लावतात, नोंद करतात. तरी महिन्याभराने आमच्या विमानात जागोजागी चिठ्ठ्या लटकत होत्या. दुरुस्ती पुरी झाली तेव्हा काटा नवा होता, पण बाकीचे बारा भाग परत मिळवण्यात आणखी आठवडा गेला.

ते उडालं. मी त्याच्यावर सही केली नाही, सरांनी केली.

काही महिन्यांत महामारी आली आणि सगळीच विमानं उभी राहिली. त्या जुलैमध्ये एफएएचा आणखी एक तातडीचा आदेश आला, पुन्हा ७३७ वरच: सात किंवा जास्त दिवस उभ्या राहिलेल्या विमानांच्या इंजिनातला हवेचा एक व्हॉल्व्ह गंजून उघडाच अडकू शकतो आणि दोन्ही इंजिनांची ताकद जाऊ शकते. एकेकटं इंजिन बंद पडल्याचे चार प्रकार तोवर झाले होते. मग पुन्हा रात्री, पुन्हा झाकणं, पुन्हा कार्डं.

उड्डाणं मंदावल्यामुळे पहिल्या विमानाच्या ३,५०० सायकली भरायला वर्षं लागली. भरल्या तेव्हा कार्ड माझ्याकडे आलं, पण मी आता खाली उभी राहणाऱ्यांत आहे. आत एक नवी मुलगी गेली, माझ्याहूनही बारीक. रात्रीचे अडीच वाजले होते. चार मिनिटांत तिचा आवाज आला, “मॅडम, डावी बाजू झाली. काही नाही.”

मी शिडीवर दोन पायऱ्या चढून विचारलं, “आधी कुठला फास्टनर पाहिलास?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग टॉर्चचा उजेड पुन्हा आत वळला, आणि जरा वेळाने, हळू आवाजात, “एक.”